धातूच्या पुतळ्याचा हात पुन्हा पुन्हा का निखळतो? गम, खिळा आणि खान्देशची हवा

प्रश्न भुसावळहून आला आहे. पांढऱ्या धातूचा ५४ मिलिमीटर मापाचा घोडेस्वार, सुटे भाग इन्स्टंट गमने जोडलेले. एप्रिलमध्ये गम लवकर धरेना म्हणून थोडा जास्त लावला. जोड बसले, पण महिन्याभरात भाल्याचा हात गळून पडला आणि घोड्याच्या पोटाखालची सांधरेषा उघडली. तर यापेक्षा ताकदवान गम कोणता?

वेगळा ताकदवान गम शोधत बसू नका. बाजारात पाच-दहा रुपयांना मिळणारा इन्स्टंट गम आणि दोन ट्यूबांचा इपॉक्सी, एवढ्यावर धातूचा कोणताही पुतळा आयुष्यभर टिकेल असा जोडता येतो. तुमच्या पुतळ्यात तीन गोष्टी राहून गेल्या असाव्यात. जोडाचा पृष्ठभाग तयार केलेला नव्हता, हाताच्या जोडात खिळा, म्हणजे आतून दोन्ही भागांत जाणारी तार, नव्हता, आणि कोरड्या उन्हाळी हवेत गम कसा वागतो याचा हिशेब धरलेला नव्हता. घोड्याच्या पोटाला तर इन्स्टंट गम लावायलाच नको होता.

आधी जोड का सुटतो ते पाहू. प्लॅस्टिकच्या मॉडेलचा गम, ज्याला सिमेंट म्हणतात, प्लॅस्टिक विरघळवतो आणि दोन भाग वितळून एक होतात. धातूवर असे काही घडत नाही. गम फक्त वरवर धरून बसतो, आत शिरायला छिद्रे नसतात. त्यात धातूचा हात वजनदार, आणि त्याला लांब भाला असला की त्याची तरफ होते. भाल्याच्या टोकाला बोट लागले तरी खांद्यावर कितीतरी पट जोर येतो. इन्स्टंट गम, म्हणजे सायनोॲक्रिलेट, सरळ ओढीला चांगला टिकतो. पण एका कडेने उचकटणारा जोर आणि धक्का त्याला सोसत नाही, कारण घट्ट झाल्यावर तो काचेसारखा कडक होतो. शेल्फवरून उचलताना, धूळ पुसताना नेमका हाच जोर पडतो.

धातू कोणता आहे तेही बघून घ्या. बहुतेक पुतळे कथिलाच्या मिश्रधातूचे असतात. जुन्या संचांत त्यात शिसे असते, नव्यांत बहुधा अँटिमनी आणि तांबे. नखाने खूण पडत असेल आणि कागदावर घासल्यावर करडी रेघ उठत असेल, तर शिसे भरपूर आहे असे समजा. कडक असेल, कानसही जोर लावल्याशिवाय चालत नसेल, तर जस्ताचा मिश्रधातू असू शकतो. गम दोन्हींना तेच चालतात, फक्त जस्तात भोक पाडायला वेळ लागतो.

आता तयारी. हे भाग रबरी साच्यात ओतलेले असतात, आणि सुटून यावेत म्हणून साच्यात टाल्क किंवा सिलिकॉन मारलेले असते. त्याचा थर भागांवर राहतो, डोळ्यांना दिसत नाही, पण गम धातूला न चिकटता त्या थराला चिकटतो. कोमट पाण्यात भांडी घासायच्या लिक्विडचे चार-पाच थेंब टाका, जुन्या टूथब्रशने प्रत्येक भाग घासा, साध्या पाण्याने धुऊन पूर्ण वाळवा. बेसिनच्या जाळीवर फडके टाकायला विसरू नका, तलवारी आणि लगाम तिथूनच हरवतात. नंतर साच्याच्या सांध्याची उठलेली रेघ ब्लेडच्या पाठीने खरवडा. शेवटी जोडाच्या दोन्ही बाजू २२० ते ३२० नंबरच्या पॉलिश पेपरने किंवा बारीक कानशीने घासून ताजा, चमकता धातू बाहेर काढा. त्यावर ब्लेडच्या टोकाने आडव्या-उभ्या रेघा मारल्या की गमाला पकड मिळते. त्यानंतर तिथे बोट लावायचे नाही. उन्हाळ्यात बोटांना घाम आणि तेल असतेच, म्हणून आयसोप्रोपिल अल्कोहोलने किंवा ॲसिटोनने एकदा पुसून लगेच जोडायला घ्या.

गम लावण्याआधी कोरडी जुळवणी करा. हात खांद्यावर ठेवून उजेडासमोर धरा. मधून उजेड दिसला तर जोड फक्त एका टोकावर टेकतो आहे. एका बाजूला पोस्टर कलरचा पातळ हात द्या, ओला असतानाच दुसरी बाजू टेकवा. रंग उठेल तिथला उंचवटा कानशीने उतरवा आणि असे तीन-चार वेळा करा. एक युक्ती चांगली उपयोगी पडते. जोडाच्या मध्यभागी ड्रिलच्या टोकाने अगदी उथळ खळगा करा, म्हणजे कडा चपखल बसतात आणि जादा गम बाहेर ओघळण्याऐवजी खळग्यात मावतो.

खिळ्याबद्दल मात्र जरा सविस्तर बोलले पाहिजे, कारण तुमचा भालदाराचा हात खिळ्याशिवाय कुठल्याही गमाने टिकणार नाही. गमाने जागा धरायची आणि वजन तारेने पेलायचे, अशी ही वाटणी आहे.

सामान जळगावातच मिळते. सोनारकामाच्या साहित्याच्या दुकानात पिन व्हाइस, म्हणजे हाताने फिरवायचे छोटे ड्रिल, ०.५ ते १.५ मिलिमीटरचे बिट आणि बारीक कानशींचा संच मिळतो. ५४ मिलिमीटरच्या हाताला १ मिलिमीटरचे भोक, २८ मिलिमीटरच्या पुतळ्याला ०.६ ते ०.८. तार पितळेची चांगली, कडक आणि न गंजणारी. मिळाली नाही तर पंपाच्या मोटारी भरणाऱ्या वाइंडिंगवाल्याकडे २१ गेजची तांब्याची तार मागा, ती ०.८ मिलिमीटरच्या आसपास असते. मात्र तिच्यावर वार्निशचा थर असतो, तो पॉलिश पेपरने पूर्ण काढायचा, नाहीतर गम वार्निशला धरेल आणि तार आत फिरत राहील. तांबे मऊ असल्याने ते लहान जोडांनाच वापरा. कागदाची लोखंडी क्लिप चालते असे बरेच जण सांगतात. चालते, पण पावसाळ्यात ती गंजू शकते आणि सांध्यातून तांबूस डाग रंगावर येतो. पितळ स्वस्तच आहे, तेच घ्या.

भोक पाडण्यापूर्वी कंपासच्या टोकाने जागेवर खूण दाबा, नाहीतर बिट घसरून चेहऱ्यावर ओरखडा काढतो. पिन व्हाइस सरळ धरा, दोन-तीन वेढे पुढे, एक मागे, आणि दर वेळी बिट बाहेर काढून चुरा झाडा. हा धातू चिवट आहे. चुरा बिटाच्या खाचांत भरला की बिट अडकतो आणि तुटतो. बिटाला साबणाचे पाणी लावले तर तो मोकळा चालतो. मेणबत्तीचे मेण लावू नका, भोकात राहिलेले मेण धुतल्याने निघत नाही आणि गम धरत नाही. विजेचे ड्रिल तर नकोच. वेगाने बिट तापतो, धातू मऊ पडून त्याला लपेटतो, आणि क्षणात भोक वाकडे होते. खोली किमान ३ मिलिमीटर, शक्य असेल तिथे ५. बिट आत तुटलाच तर तो उकरत बसू नका, बाजूला नवे भोक पाडा.

दुसऱ्या बाजूचे भोक समोरासमोर येणे ही खरी कसोटी. पहिल्या भोकात तार गम न लावता घाला, १ मिलिमीटर बाहेर ठेवून कापा, टोकाला पोस्टर कलर लावा आणि भाग नेमक्या जागी टेकवा. ठिपका उठेल तिथे भोक. काजळाने ठिपका काढू नका, ते तेलकट असते. तरीही भोक अर्धा मिलिमीटर चुकलेच तर दुसरे भोक थोडे मोठे करा आणि इपॉक्सीने भरा, तो फट सहन करतो. मग पहिली तार काढून पूर्ण लांबीची तार बसवा. तार भोकात घट्ट ठोकायची नाही, भोवती गमाला कागदाच्या जाडीएवढी जागा हवी, म्हणून १ मिलिमीटरच्या भोकाला ०.८ ची तार. तार गुळगुळीत ठेवू नका, पकडीने चार ठिकाणी दाबून खाचा पाडा.

संचातला ओतीव धातूचा भाला वाकतो, आणि प्रत्येक वेळी सरळ करताना मुठीचा जोड हलतो. त्याऐवजी मुठीत भोक पाडून पितळी तारेचा भाला करा. छोट्या पुतळ्याला बारीक शिवणाची सुईही शोभते. टोक पातळ करायला कानस पुरते.

आता गम. हात, डोके, ढाल, तलवार अशा छोट्या भागांना इन्स्टंट गम, आणि तो शक्यतो घट्ट किंवा जेलसारखा. पातळ गम केवळ दोन्ही बाजू तंतोतंत टेकत असतील तेव्हाच. फट थोडी जरी असली तरी पातळ गम तिथे उभा राहत नाही, एका बाजूला वाहून जातो. प्रमाण मोहरीच्या दाण्याएवढे. नळीने थेट लावू नका. टाइलच्या तुकड्यावर थेंब घ्या आणि टूथपिकने एका बाजूलाच लावा. भाग टेकवून तीस सेकंद ते एक मिनिट अजिबात न हलवता धरा. अर्धवट घट्ट होताना हलला तर गमाची बनत आलेली साखळी तुटते. तो नंतर धरल्यासारखा वाटतो, पण जोड कच्चाच राहतो. असे झाले तर सगळे खरवडून नव्याने करा. जुन्या गमावर नवा गम हे सर्वांत जास्त दिसणारे चुकीचे काम आहे. नवा थर जुन्या थराला धरतो आणि जुना थर धातूपासून आधीच सुटलेला असतो.

घोड्याचे दोन अर्धे, तोफेची चाके, पायथ्यावर उभा राहणारा घोडा, असे वजन पेलणारे सगळे जोड इपॉक्सीने. राळ आणि हार्डनर दोन ट्यूबांत येतात. पॅकवर जे प्रमाण छापले असेल तेच, बहुतेकदा समान आकारमान. हार्डनर जास्त घातला की लवकर आणि घट्ट होते, हा समज खोटा आहे, जादा हार्डनर न जुळता आत राहतो आणि जोड चिवट पण मऊ राहतो. समान लांबीच्या दोन रेघा टाइलवर काढा, निदान एक मिनिट घोळा, कडेचा न मिसळलेला भाग परत परत मधे ओढा. शंका येईल तिथे पाच मिनिटांच्या इपॉक्सीपेक्षा मंद इपॉक्सी निवडा. तो चोवीस तास घेतो, पण जास्त पक्का असतो आणि जुळवायला वेळ देतो.

दोन्ही गम एकत्र वापरण्याची एक सोय आहे. इपॉक्सी मधे पसरा, कडेला दोन ठिकाणी इन्स्टंट जेलचे बारीक ठिपके द्या आणि भाग टेकवा. जेल एका मिनिटात जागा धरतो, इपॉक्सी रात्रभर पक्का होतो. दोन्ही एकमेकांत मिसळू द्यायचे नाहीत. आधार म्हणून वाटीभर ज्वारीत किंवा वाळूत पुतळा रोवून ठेवा, कलता जोड वर येईल असा. रबरबँड आणि मास्किंग टेपही चालते.

आता हवा. डब्यांवरच्या सूचना साधारण २५ अंश तापमान आणि मध्यम आर्द्रता धरून लिहिलेल्या असतात. भुसावळ-जळगावात एप्रिल-मेमध्ये पारा ४२ ते ४५ वर असतो आणि दुपारची हवा अगदी कोरडी. इन्स्टंट गम सुकत नाही, तो हवेतल्या ओलाव्याने घट्ट होतो. ओलावा कमी, तर गम रेंगाळतो. तुम्हाला एप्रिलमध्ये हेच दिसले, आणि उतारा म्हणून गम जास्त लावला. जाड थर आणखी हळू धरतो, कारण ओलावा कडेकडून आत शिरतो, मधला भाग कित्येक तास कच्चा राहतो. उपाय सोपा आहे. एका बाजूला गम लावा, दुसऱ्या बाजूवर तोंडाने एकदा वाफ सोडा, आणि लगेच टेकवा. किंवा कूलर चालू असलेल्या खोलीत काम करा, तिथे हवा ओलसर असते. फक्त झोत थेट कामावर येऊ देऊ नका.

जून उजाडला की चित्र उलटते. ओलाव्याने गम पापणी लवते ना लवते तोच धरतो, जुळवायला वेळच राहत नाही. त्याचे बाष्प ओलाव्याशी जुळून जोडाभोवती पांढरी भुकटी बसते. गम कमी घेणे, खोलीत हवा हलती ठेवणे आणि पुतळा झाकून न ठेवणे हे तीन उपाय पुरतात. भुकटी आलीच तर रंगापूर्वी टूथब्रशने झाडता येते. चमकदार उघड्या धातूवर मात्र ती खटकते, तिथे पावसाळ्यात इपॉक्सीच घ्या.

इपॉक्सीचे गणित तापमानाचे. दर १० अंशांना हाताळण्याची मुदत साधारण निम्मी होते. ४१-४२ अंशांच्या खोलीत पाच मिनिटांचा इपॉक्सी दीड-दोन मिनिटांत आटोपतो, आणि तासाभराचा वीस मिनिटांत. म्हणून उन्हाळ्यात पहाटे काम करा, एका वेळी एका जोडापुरताच घोळा आणि टाइलवर पातळ पसरवा. वाटीत ढीग ठेवला तर तो स्वतःच्या उष्णतेने आणखी लवकर आटतो. उलट डिसेंबर-जानेवारीत धुळ्याकडे रात्री पारा दहाच्या खाली जातो, तेव्हा इपॉक्सी दोन दिवसही ओलसर राहतो. ट्यूबा घोळण्यापूर्वी कोमट पाण्यात दहा मिनिटे ठेवा आणि जोड दुपारी अंगणातल्या उबेत ठेवा. उन्हाळ्यात मात्र पूर्ण झालेला पुतळाही पत्र्याच्या खोलीत, खिडकीच्या थेट उन्हात किंवा गाडीत ठेवू नका. साधा पाच मिनिटांचा इपॉक्सी ५०-६० अंशांना मऊ पडू लागतो, आणि बंद गाडीत एवढी उष्णता सहज होते.

उष्णतेने गमाची ट्यूबही पडल्या पडल्या घट्ट होते. न उघडलेली ट्यूब डबीत बंद करून फ्रिजमध्ये, खाण्याच्या वस्तूंपासून दूर ठेवा. वापरण्याआधी तासभर बाहेर काढून खोलीच्या तापमानाला येऊ द्या, नाहीतर आत दव धरून गम बिघडतो. मोठ्या बाटलीपेक्षा अर्ध्या ग्रॅमच्या ट्यूबा घ्याव्यात, आपल्या हवामानात उघडलेली बाटली संपेपर्यंत टिकत नाही.

बाकीचे गम थोडक्यात सांगतो. फेविकॉल धातूला धरत नाही, पायथ्यावर वाळू-माती चिकटवायला उत्तम. रबरी गम लवचिक राहतो आणि जोड हलत राहतो. ग्लू गनचा गरम गम धातूला लागताच गार होऊन सोलून निघतो. उजेडाने घट्ट होणारा गम अपारदर्शक धातूच्या आत उजेड पोचत नसल्याने मधे कच्चाच राहतो. आणि हा पुतळा सराफाकडे झाळून घ्यायला नेऊ नका. चांदीची झाळ ६०० अंशांच्या वर लागते, शिसे ३२७ अंशांना आणि कथिल २३२ अंशांना वितळते, पुतळ्याचा गोळा होईल. रेडिओच्या कामाचे साधे सोल्डरही १८३ ते १९० अंशांना वितळते, तेवढ्यातच पातळ भाग ढासळू शकतो.

राहिलेल्या फटी एम-सीलने भरता येतात. समान भाग एकजीव रंग येईपर्यंत मळा आणि ओल्या बोटाने दाबा. पोटाखाली, खोगिराखाली ती ठीक, चेहऱ्याजवळ तिचा दाणा जाड दिसतो. तिथे इन्स्टंट गमावर चिमूटभर खाण्याचा सोडा टाकला की फट क्षणात दगडासारखी भरते. ते अतिशय कडक होते आणि धक्क्याने तडकते, म्हणून फक्त भरणीसाठी, भार पेलायला नाही.

काळजी या गोष्टींची घ्या. शिश्याचा चुरा श्वासात आणि पोटात जाऊ नये म्हणून ओला पॉलिश पेपर वापरा, झाडू न मारता ओल्या फडक्याने पुसा, काम झाल्यावर हात धुतल्याशिवाय काही खाऊ नका, लहान मुलांना हे भाग देऊ नका. इपॉक्सीला नायट्राइलचे हातमोजे घाला. आणि आपल्याकडे कापूस घरोघरी हाताशी असतो म्हणून मुद्दाम सांगतो, सांडलेला इन्स्टंट गम कापसाच्या बोळ्याने कधीच पुसू नका. कापसावर तो झपाट्याने घट्ट होतो, एवढी उष्णता निघते की धूर येतो आणि बोट भाजते, गम जास्त असेल तर कापूस पेटूही शकतो. सुती पँटवर थेंब पडला तरी तसेच होते. बोटे एकमेकांना चिकटली तर ओढू नका, कोमट साबणाच्या पाण्यात भिजवून हळूहळू फिरवत सोडवा. डोळ्यात गेला तर चोळू नका, भरपूर पाण्याने धुऊन थेट डॉक्टरांकडे जा.

तुमचा पुतळा वाचवता येईल. प्लॅस्टिकचा पायथा असेल तर तो आधी वेगळा करा, ॲसिटोनने तो वितळतो. रंग लावला असेल तर तोही निघून जाईल, हे धरून चाला. मग पुतळा पिशवीत घालून फ्रीजरमध्ये दोन तास ठेवा. इन्स्टंट गम थंडीने ठिसूळ होतो आणि हलक्या पिळ्याने जोड सुटतात. उरलेला गम ॲसिटोनमध्ये काही तास बुडवून सैल करा आणि ब्लेडने खरवडा. कुठे इपॉक्सी वापरला असेल तर कडक गरम पाण्यात दहा मिनिटे ठेवा, धातूला काही होत नाही, इपॉक्सी मऊ पडतो. दोन्ही पृष्ठभाग पुन्हा चमकेपर्यंत घासा. घोड्याचे अर्धे मंद इपॉक्सीने जोडा, रात्रभर रबरबँडने बांधून ठेवा. दुसऱ्या दिवशी खांद्यात १ मिलिमीटरचे भोक, ०.८ ची पितळी तार, आणि तारेला इपॉक्सीचाच लेप. घोड्याच्या दोन पायांतूनही तार पायथ्यात उतरवा, कारण पुतळा उचलताना सगळा जोर तिथे येतो. प्रायमर मारण्याआधी चोवीस तास थांबा. इन्स्टंट गमाचे बाष्प आत अडकले तर ओल्या रंगावर बारीक छिद्रे येतात.